पाळण्याचे दांडे आणि ग्राइंडरचं चाक

लेक बाळंतपणाला घरी आली तेव्हा मी ठरवलं की नातवंडाचा पाळणा विकत आणायचा नाही, आपल्याच खरादावर, लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, करायचा. बांधावरचं शिवणीचं झाड गेल्या साली कापलं होतं, लाकूड वाळून तयार होतं. अडलं ते पटाश्यांवर.

माझ्या पटाश्या लोहारानं गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांमधून घडवलेल्या. धार लावायच्या ग्राइंडरवर मात्र त्याच्यासोबतच आलेली करडी, टणक चाकं. पटाशी टेकवायचा अवकाश, धार निळी पडायची. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग ती लाकूड कापत नाही, नुसतं ओरबाडते. तेवढा भाग घासून काढावा, तर पुन्हा निळी. पटाश्या बोट-बोट आखूड झाल्या आणि पाळण्याचा दांडा एकही झाला नाही.

माझे मोठे भाऊ भद्रावतीला असतात, कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चाकात काई नाई. तुह्या हातात दोष आहे."

मी चंद्रपूरची बस पकडली. दुकानदारानं माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. हिरवं चाक समोर ठेवलं आणि म्हणाला, "हे न्या. याच्यावर काईच नाई."

घरी येऊन लावलं. पटाशी घासण्याऐवजी चाकच झिजायला लागलं. खोलीभर हिरवट धूळ, आणि धार करवतीसारखी खरबरीत. मी परत बस पकडली.

"हिरवं तं कार्बाइडच्या हत्यारासाठी असते," तोच दुकानदार शांतपणे म्हणाला.

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

मी तिथं काय बोललो ते लिहीत नाही. या वेळी मीच मागितलं, पांढरं आणि जरा मऊ. मऊ चाकाचे बोथट कण गळून पडतात, खालून नवे टोकदार निघतात, म्हणून पोलाद कमी तापतं. भोकात बोट घालून चाक अधांतरी धरलं, पेचकसाच्या लाकडी मुठीनं टिचकी मारली. खणखणीत वाजलं, म्हणजे तडा नव्हता. घरी आणलं, तर चाकाचं भोक ग्राइंडरच्या दांड्यापेक्षा मोठं. भोक मोजून न्यायचं ना मला सुचलं, ना त्याला.

एवढ्यात लेक बाळंत झाली. नात झाली. बारसं लुगड्याच्या झोळीत उरकलं. पाहुणे पाळणा विचारायचे आणि बायको माझ्याकडे बोट दाखवायची. लेक म्हणाली, "बाबा, पोरगी चालाले लागन तवा होईन तुमचा पाळणा."

बारशाला आलेले भाऊ संध्याकाळी माझ्या कामाच्या खोलीत शिरले. पाहतो तर ग्राइंडरच्या दांड्याला पुठ्ठा गुंडाळून त्यावर पांढरं चाक बसवत होते.

"भाऊ, काय करून राह्यले तुमी?"

"बसवून देतो. तुले जमत नाई तं."

"पुठ्ठ्यावर चाक हालन. फुटलं तं तोंडावर येईन. घरात बाळंतीण आहे."

"मले शिकवतं का तू?"

मी चाक त्यांच्या हातातून ओढून घेतलं. भाऊ न जेवता निघून गेले. बायको दोन्ही गोष्टींसाठी मलाच बोलली, चाक हिसकावल्याबद्दल आणि भावाला उपाशी पाठवल्याबद्दल.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. खिशातून लोखंडी बुश, म्हणजे चाकाच्या भोकातली फट भरणारी कडी, काढून माझ्या हातावर ठेवला. ओळखीच्या लेथवाल्याकडून मापात करून आणला होता. भोकात चपखल बसला. चालू केलं तर चाक जराही हललं नाही. मी पटाशी हलकेच टेकवली, पाण्यात बुडवली, परत टेकवली. धार पांढरीशुभ्र राहिली.

"जेवून जाजा," मी म्हटलं.

"त्याच्यासाठीच आलो," भाऊ म्हणाले.

मग दांडे भराभर उतरले. शिवणीच्या लांब, ओल्या पापडासारख्या लवचिक ढलप्या निघत होत्या. भाऊंनी पाळणा जोडायला मदत केली आणि जोडताना माझ्या प्रत्येक दांड्यात खोट काढली. मी ऐकून घेतलं.

पाळणा आढ्याला टांगला, नातीला त्यात निजवलं. तिनं टाहो फोडला. उचलली की गप्प, ठेवली की पुन्हा रड.

"सवय होईन," बायको म्हणाली. झाली, पण लेक सासरी जायला निघाली तेव्हा.