लिव्हरातलं कोण पुसणार?

मुखेडच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा शबानाचा फोन आला. "सर, अब्बा गेले... सकाळी छातीत कळ आली." सलीमभाई! हिवतापाच्या तपासणीसाठी घरोघर फिरून तापकऱ्यांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारे आमचे आरोग्यसेवक. महिना होत आला, पण माझी चिडचिड काही जात नाही. गोळ्या पुऱ्या करा, पाणी साचू देऊ नका, एवढा जीव तोडून सांगत होता माणूस, आणि ऐकलं कुणी?

मी तरी कुठं ऐकलं! शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. डास चावला की परजीवी यकृतात शिरतो, तिथं वाढतो, मग तांबड्या पेशी फोडत सुटतो... रंगीत खडूनं झकास आकृती काढायचो. अन् मलाच दिवसाआड हुडहुडी भरायला लागली, तेव्हा? चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोटात ढवळत होतं, पाचव्या दिवशी गोळ्या बंद. सलीमभाईंनी विचारलं तर "संपवल्या" म्हणून खुशाल ठोकून दिलं. दोन महिन्यांनी ताप परत आला आणि मला चावलेले डास आईलाही चावले; माझ्या पाठोपाठ तीही अंथरुणाला खिळली. म्हातारी कशीबशी वाचली.

"सर," माझ्या बोटाला सुई टोचत सलीमभाई म्हणाले होते, "फळ्यावरचं चित्र तुम्ही पुसता. लिव्हरातलं कोण पुसणार? ते तिथंच झोपून ऱ्हातंय. ताप उतरला म्हंजे गेलं न्हाई." मग चौदा दिवस रोज सकाळी दारात हजर. "आ करा. गिळा. जीभ दाखवा." भर अंगणात! राग यायचा, लाजही वाटायची. लोक अडाणी आहेत म्हणून बोंबलणारा मी, शिकलासवरलेला लबाड.

परवा त्यांच्या घरी गेलो. शबाना, माझीच विद्यार्थिनी, चहा ठेवायला आत गेली. मोरीजवळच्या ड्रममध्ये सहज डोकावलो तर अळ्या वळवळत होत्या. या घरात! डोकंच फिरलं. ड्रम कलता करणार, तोच ती धावत आली.

"सर, सांडू नका! नळ आठ दिवसांनी येतोय."

"अगं, ड्रम रिकामे करा म्हणून तुझे अब्बा गावभर घसा कोरडा करायचे ना?"

"हाव. अन् घरी येऊन फडक्यानं गाळून घ्यायचे. वतून द्यायला पानी कुठं हाय, सर?"

दोरीवरचं पातळ फडकं काढून तिनं दोन टोकं माझ्या हातात दिली. मी ती रिकाम्या बादलीवर ताणून धरली.