एक नंबरच्या ओळीतला खंडोबा

सर्व्हर कुठं आहे, हे मला पहिले दोन महिने कुणी धड सांगितलंच नाही. कमलनगरहून सकाळच्या बसनं मी रोज बिदरला कॉम्प्युटर क्लासला जायची. पीएचपी नावाची भाषा शिकायला. सर निम्मं कन्नडात शिकवायचे, निम्मं दखनी उर्दूत. म्हणायचे, ही भाषा सर्व्हरमध्ये चालते आणि ब्राउझरला नुसतं उत्तर पाठवते. मी विचारलं, "सर, सर्व्हर कुठाय?" त्यांनी टेबलाखालच्या डब्यावर थाप मारली. "आणि ब्राउझर?" तोही त्याच डब्यात. म्हणजे एकाच घरात बसून एकमेकाला चिठ्ठ्या धाडायच्या? कशाला? मला काही कळलं नाही की राग येतो, अजूनही येतो.

पहिल्या दिवशी फाइलवर दोनदा टिचकी मारली, तर पान दिसायच्या ऐवजी मी लिहिलेलंच सगळं जसंच्या तसं पुढ्यात आलं. शेजारची पोरगी खिदळली. "असं न्हाई गं, ब्राउझरात वर पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट टाकून उघड." कामून, ते तिलाही सांगता येईना.

घरी मुदत ठरलेली होती. निम्मं गाव पुण्याला बिगारी कामाला गेलेलं, पण अप्पांना वाटायचं, आपल्या पोरीनं खुर्चीत बसून काम करावं. आत्याचा विश्वास नव्हता. "सहा महिने बघ. न्हाई जमलं तर माझी शिलाई मशीन हायच," ती म्हणायची. शिलाईचा मला भयंकर कंटाळा. सहा महिन्यांच्या शेवटी प्रॅक्टिकल होतं. लॉगिनचं पान बनवायचं, नाव आणि पासवर्ड बरोबर टाकला की दुसरं पान आपोआप उघडलं पाहिजे. ज्यांचं उघडेल त्यांना सर हैदराबादला ओळखीच्या ऑफिसात लावून देणार होते.

माझं काही उघडेना. आठवडाभर तेच. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, की इंग्रजीत तक्रार यायची : पान आधीच बाहेर पडायला लागलंय, ओळ नंबर एक. मी एक नंबरची ओळ बघायची. तिथं चुकण्यासारखं काहीच नव्हतं. मग दोन, तीन, पार चाळिसापर्यंत तपासायची. शेजारणीच्या वहीतून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. तिचं पान उघडायचं, माझं नाही. मी रडकुंडीला आले.

एक नंबरच्या ओळीत मी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'श्री खंडोबा प्रसन्न'. आमचं घर धनगराचं. अप्पा मेंढरांमागं वाढले, शाळा बघितली नाही. साक्षरतेच्या वर्गाला चार दिवस जाऊन दोनच गोष्टी लिहायला शिकले, आपलं नाव आणि ही ओळ. पहिलीपासून माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ती त्यांनीच लिहून दिलेली. कोरं पान तसंच सुरू करायचं नाही, हा घरचा दंडक. मग कॉम्प्युटरच्या पानाला काय वेगळा नियम असणार? लॉगिनचं पान उघडलं की ती ओळ सगळ्यात वर दिसायची, मला बरं वाटायचं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सर माझ्यामागं येऊन थांबले. तोडक्या मराठीत म्हणाले, "हे वर काय?"

"देवाचं नाव."

"काढ ते."

"न्हाई काढत!" मी उसळलेच. "देवाच्या नावानं कुठं काम बिघडतंय व्हय?"

सगळा क्लास माझ्याकडं बघायला लागला. सर हसले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, पीएचपीची खूण सुरू व्हायच्या आधी जे लिहिशील, ते सर्व्हर सरळ बाहेर धाडतो. 'आता दुसऱ्या पानावर जा' हा निरोप त्याच्याही आधी जावा लागतो. "तुझा देव आधी निघून गेला, अम्मा. आता निरोप कसा जाईल? खुणेच्या आत घे त्याला, पुढं दोन तिरप्या रेघा मार. राहील तिथंच, पण बाहेर दिसणार नाही."

अप्पांची ओळ लपवायची? दहाच मिनिटं उरली होती. शेवटी ओळ उचलली, आत ठेवली, रेघा मारल्या. दुसरं पान उघडलं, मोठ्या अक्षरांत 'वेलकम'. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण काहीतरी चोरल्यासारखंही वाटलं.

सरांनी त्या पानाची प्रिंट काढून दिली, घरी दाखवायला. अप्पांनी कागद दोन्ही हातांनी धरला. वर बघितलं, मग उलटा करून मागं बघितलं.

"आपली ओळ लिहिली न्हाईस व्हय?"

"लिहिलीय, अप्पा. आत हाय. दिसत न्हाई."

"लिहिलीय, अन् दिसत न्हाई? कामून?"

सहा महिने मी जे लोकांना विचारत होते, तेच आता अप्पा मला विचारायलेत. आणि मला सांगता येईना. आत काय, बाहेर काय, डबा कुठला, दोनदा सुरुवात केली आणि दोनदा अडकले. त्यांना वाटत असेल, पोरीला आमच्या ओळीची लाज वाटली. तसं नव्हतं हो! मला रडूच फुटलं.

अप्पांनी माझ्या पिशवीतला पेन मागून घेतला. कागद मांडीवर ठेवला आणि 'वेलकम'च्या वर एकेक अक्षर जोडत ओळ लिहून काढली.

"आता जा हैदराबादला," ते म्हणाले.