फाटका आवाज

कोंडीबाला आताशा घरात चैन पडत नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात मागांच्या खडखडाटात गेली, तरी संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या खोलीत येऊन जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर भजनं लावली की गडी निवांत व्हायचा. ती भजनंच आता फाटकी ऐकू येत होती. गाणाऱ्याचा सूर चढला की चर्र, मृदंगावर थाप पडली की चर्र. आवाज अगदी बारीक केला तरी चर्र आपली जागच्या जागी.

गेले कान, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं. मागावरच्या कितीतरी जुन्या माणसांचे गेलेच होते. कारखान्यात ओठ बघून बोलणं ओळखायची सवय सगळ्यांनाच. पण आता तो घरीही बायकोच्या, वच्छलाच्या, तोंडाकडे टक लावून बसे. गाणं चरचरतंय का गं, एवढंच विचारायचं. पण ती ‘न्हाय’ म्हणाली तर? त्या धास्तीनं माणूस ताटावरून उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा, बटणं चिवडत बसायचा.

शेवटी एका रविवारी वच्छलाच वैतागली. “अवो, बंद करा की ते! पोरानं पुण्यास्नं ती डबी धाडल्यापासनं नुसती चरचर. डोस्कं उठलंय माजं. टेपवर बरं हुतं.”

कोंडीबा ताडकन उठला. “तुलाबी ऐकू येतंय?”

“समद्या गल्लीला येतंय!”

त्याने टेप जोडला. आवाज लख्ख. तीच वायर परत डबीला लावली. चर्र! मोबाइलचं गाणं अ‍ॅम्प्लिफायरला पोचवणारी ती डबी, आणि तिचं बटण पहिल्या दिवशी पार शेवटपर्यंत पिळलं होतं ते कोंडीबानेच. मागाजवळ जन्म काढलेल्या माणसाला अर्ध्या आवाजावर भागवणं माहीतच नाही. एवढा जोर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला आत घेतानाच झेपत नव्हता. मग पुढे आवाज कमी करून काय उपयोग? टेप वाजायचा तेवढ्याच आवाजावर येईपर्यंत त्याने डबीचं बटण मागे फिरवलं, आणि सूर मोकळा झाला.

“मग इतके दिस बोलली का न्हाईस?”

“मला वाटलं, तुमचे कान गेले. तुमाला तसंच ग्वाड लागतंय, तर कशाला मोडता घालायचा.”

“मलाबी तसंच वाटलं,” कोंडीबा म्हणाला, आणि त्याला एकदमच हसू आणि रडू आलं.

वच्छला उठून ओट्याशी गेली. त्याच्याकडे पाठ करून, मुद्दाम हळू आवाजात तिने विचारलं, “च्या ठिवू का?”

“ठिव की,” कोंडीबा म्हणाला. “आलं टाक.”