चेक्ड बाय

माईणकर सर पहिल्या दिवशी वर्गात आले आणि त्यांनी आधी फळा पुसून काढला. आमचा शिक्षक ग्लेन त्यावर अर्धा तास खपून आकृत्या काढून कॉफी आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा सरांच्या हातात अजून डस्टर होतं. "सॉरी सर," ते म्हणाले, "नाइन्टीन इयर्स हॅबिट." वर्ग खो खो हसला, मीही हसलो. नंतर कळलं, कराडच्या एका डिप्लोमा कॉलेजात एकोणीस वर्षं ते इंजिनिअरिंग ड्रॉइंगच शिकवत होते. कॉलेज बंद पडलं आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस ऑकलंडच्या पॉलिटेक्निकमध्ये, विशीतल्या पोरांशेजारी, तोच विषय शिकायला येऊन बसला.

माउंट रॉस्किलला आम्ही एकाच भाड्याच्या घरात राहत होतो, त्यामुळे माझी सुटका नव्हती. मी चिंचवडचा, चोवीस वर्षांचा आणि महाआळशी. बसमध्ये शेजारी बसून ते माझी वही तपासायचे. "केदार, खोडरबर उचललास म्हणजे विचार न करता पेन्सिल उचलली होतीस," हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं असेल. ग्लेनला जे तीन तासांत जमायचं नाही ते सर मला वरणाला फोडणी देता देता समजावून सांगत. वस्तूचा पुढून, वरून आणि बाजूने दिसणारा आकार कागदावर मांडायचा, एवढाच तो मामला. फक्त भारतात वस्तूची उजवी बाजू कागदावर डावीकडे काढतात आणि इथे उजवीकडे. "सवयीला सांभाळून राहा," सर बजावायचे. "आपला हात कराडला शिकलाय."

इंग्रजीच्या वर्गात मात्र ते कच्चे. इथली बोली त्यांनी एका छोट्या वहीत उतरवून घेतली होती, मराठी अर्थासकट. 'स्वीट अ‍ॅज : छान. हीप्स : पुष्कळ. ऑल गुड : ठीक आहे, काळजी नसावी.' मी डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, काम करायचो. गिऱ्हाइकाला पिशवी हवी का विचारलं की ते 'ऑल गुड' म्हणायचं आणि त्याचा अर्थ 'नको' असायचा. हे सरांना सांगायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

तिसरा विषय होता या देशातल्या लोकसमूहांचा. तिथे इथल्या माओरी रीतीप्रमाणे प्रत्येकाने उभं राहून आपला डोंगर, आपली नदी आणि आपली माणसं सांगायची होती. मी सिंहगड आणि पवना सांगून मोकळा झालो. सर उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं. "माय माउंटन इज आगाशिव. माय रिव्हर इज कोयना. माय पीपल..." इथे ते थांबले. "माय पीपल आर टू. दे आर वेटिंग." ती दोन माणसं म्हणजे बायको आणि दहावीतली मुग्धा. व्हिसा संपायच्या आत नोकरी मिळाली तरच त्यांना इकडे आणता येणार होतं, नाहीतर सगळं गुंडाळून परत. शिकवणाऱ्या बाई हळूच "कीया ओरा" म्हणाल्या, म्हणजे माओरीत नमस्कारही आणि दादही.

शेवटच्या सत्रात आम्हा दोघांना अवोन्डेलच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला पाठवलं. मालक वेन दोघांपैकी एकालाच ठेवणार होता, आणि तो कोण हे मला, ग्लेनला आणि वर्कशॉपच्या मांजरालाही ठाऊक होतं. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. माझ्याकडे वय होतं.

एका सकाळी वृद्धाश्रमाच्या कठड्यासाठी तीस ब्रॅकेट तातडीने हवे होते. काँप्युटर उघडायलाही सवड नव्हती. सरांनी टेबलावरच कागद ओढला आणि दहा मिनिटांत हाताने ड्रॉइंग काढलं. एकदाही खोडरबर लागला नाही. चित्रं कोणत्या पद्धतीने मांडलीत हे सांगणारी इथली खूणसुद्धा खाली न विसरता काढली. "केदार, नीट बघ," ते म्हणाले. मी नीट बघितलं. खरंच बघितलं, प्रत्येक माप पडताळलं आणि 'चेक्ड बाय'च्या चौकटीत के. जे. अशी सही ठोकली.

खूण इथली होती आणि चित्रं भारतातली. बाजूचं चित्र डावीकडे होतं. ग्लेनने ते दारातून पकडलं असतं. पण माझे डोळेही तिकडेच शिकलेले, त्यांना ते अगदी जागच्या जागी दिसलं. तीसच्या तीस ब्रॅकेट आरशातल्यासारखे उलटे कापून, वाकवून, रंगवून झाले. भिंतीला लावायला गेल्यावर कळलं.

वेन ओरडला नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला, सहीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "सो, हू चेक्ड दिस?"

मी तोंड उघडलं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. उघडलं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"नोबडी चेक्ड," सर म्हणाले. "आय वॉज इन हरी. आय टोल्ड हिम, जस्ट साइन. ही इज माय स्टुडंट, ही कॅनॉट से नो."

वेन त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "नाह, यू आर ऑल गुड, मेट. वुई विल बी इन टच."

बसमध्ये सरांनी वही काढली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि लहान मुलासारखे हसले. "माणूस मोठ्या मनाचा आहे रे. ठीक आहे म्हणाला." "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं. "ड्रॉइंग काढलं कोणी? मी. मग तुझं नाव कशाला?" घरी पोचल्यावर त्यांनी कराडला फोन लावून बायकोला सांगितलं, काळजी करू नकोस, साहेब ऑल गुड म्हणालाय. मी शेजारी कांदा चिरत होतो. 'ऑल गुड' म्हणजे 'नको', हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

ते पाच आठवडे फोनची वाट बघत राहिले. फोन मला आला. नोकरी मला मिळाल्याचं सांगितल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "छान झालं," म्हणाले आणि पुन्हा विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?" पुढच्या महिन्यात त्यांचा व्हिसा संपला.

मी अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे. आता इतरांची ड्रॉइंग्ज तपासतो. सर कराडला क्लासमध्ये शिकवत होते. गेल्या हिवाळ्यात, इथल्या हिवाळ्यात, शिकवता शिकवताच कोसळले आणि गेले. चार दिवसांनी मुग्धाचा फोन आला. ती आता नोकरी करते, आवाज बापासारखाच सावकाश.

"केदारदादा, बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, त्या दिवशी घाईत मी कागद केदारला दाखवलाच नाही. त्याने एकदा बघितला असता, तर त्याने चूक पकडली असती. खरं ना?"

मी हो म्हणालो.