मामाचा टाक

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजोबा देव मानत नव्हते हे आम्हाला माहीत आहे, पण तू तर मानायचीस, मग तुझ्या घरात देव्हारा का नाही? उत्तर लिहून पाहते.

तुमचा मामा गेला तेव्हा, नव्वदच्या दशकात, आम्ही श्रीगोंद्याजवळ राहत होतो. आजोबा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. तुमच्या आईचं लग्न नुकतंच झालं होतं. गळीत हंगामाचे दिवस. मामा कॉलेजातून मोटरसायकलवर येत होता. तिन्हीसांजेला, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. याहून जास्त मी आजही लिहू शकत नाही.

तोवर मी रोज पूजा करून शाळेत जात असे. देवाकडे फारसं मागत नव्हते. तो आहे आणि घराकडे त्याचं लक्ष आहे, एवढं मला पुरत असे. आजोबा फुलं आणून देत आणि पेपर उघडून बसत. "तुझ्या देवांना सांग, साखरेचा उतारा घसरलाय, जरा बघा," म्हणून चिडवत.

आमच्या घराण्यात लग्नाआधी गेलेल्या मुलाचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पातळ पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली आकृती. तो देव्हाऱ्यात ठेवायचा आणि रोज आंघोळ घालायची. सासूबाईंनी तो विषय काढला तेव्हा आजोबांचा आवाज चढला.

"आई, सोनाराकडे ठसा एकच आहे. जो जाईल तो घोड्यावर, हातात तलवार. आपलं पोर गाढवालासुद्धा भ्यायचं."

"मंग काय मोटरसायकलीवर बसवू त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "तिनंच खाल्लं त्याला. तुला मानायचं न्हाई तर नको मानू. माझा नातू हाय, मला घरात पायजे."

आजोबा माझ्याकडे वळले. "तुला हवाय का?"

मी हो म्हणाले. मला हवा होता. तो कुठेतरी असावा आणि माझा हात तिथे पोचावा, यापलीकडे काही नको होतं.

टाक आला. सासूबाईंनी पदराने पुसला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "नाक बघ, त्याचंच हाय." मी पाहिलं. मला घोडा दिसला, एक मिशीवाला माणूस दिसला. तुमच्या मामाला धड मिशीही फुटली नव्हती.

सासूबाई सावरल्या. सकाळी कोमट पाणी घेऊन बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. "कानामागं घासू दे की. कॉलेजात काय हेच शिकवलं व्हय?" त्यांना जेवण जाऊ लागलं. मी दारातून ऐकत असे. त्या वेड्या नव्हत्या. बाकीचा सगळा व्यवहार नीट चालला होता. त्यांना तो भेटत होता, एवढंच.

एकदा त्यांना ताप आला. पांघरुणातून म्हणाल्या, "पोरी, आज तू घाल त्याला आंघोळ."

मी दार लोटून घेतलं. टाक तळहातावर घेतला, पाणी घातलं. डोळे मिटून त्याला घरातल्या नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. वाट पाहिली. इतकी वर्षं ज्या देवांपुढे बसले होते तेही समोरच होते. हातात ओला पत्रा होता. देव्हाऱ्यात तसेच आणखी पत्रे होते. मी तो पुसून जागेवर ठेवला.

"बोलला का गं काही?" सासूबाईंनी विचारलं.

"भूक लागली म्हणाला, आत्याबाई."

"मंग दे की दूध. उभी काय राहिलीस?"

मी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं. मागून तुमचे आजोबा आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चष्मा हातात होता. शाळेतला मुलगा निकाल विचारतो तसा त्यांनी अगदी हळू विचारलं, "खरंच बोलला?"

जन्मभर त्यांनी कुठल्या देवळाची पायरी चढली नव्हती. त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. सासूबाईंशी खोटं बोलणं सोपं होतं, कारण त्यांच्यापाशी तो होताच. यांच्यापाशी काहीच नव्हतं. खोट्यावर त्यांना उभं करायला मी धजले नाही.

"नाही हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं, तुला तरी..." एवढंच म्हणाले आणि तिथेच पाटावर बसले.

तुम्ही शिकलेली मुलं आहात, म्हणून सांगते. यात शहाणपणाचा काही भाग नाही. सासूबाईंना मिळालं, मला मिळालं नाही, आणि ते का, हे मला कळलेलं नाही. पुढे सासूबाई गेल्या तेव्हा आजोबांनी तो टाक त्यांच्या मुठीत ठेवला. बाकीचे देव मी धाकट्या जावेकडे पोचवले. सासूबाईंच्या तापाच्या त्या दिवशी दूध उतू गेलं तरी आम्ही दोघं बघत बसलो होतो. आतून सासूबाई विचारत होत्या, "प्याला का गं?"