थाळी आपटली, हेही लिहा

साहेबाने माझ्या पाठीमागे टिनाची थाळी फरशीवर आपटली. मी टेबलाखाली शिरलो. डोकं दोन्ही हातांत, गुडघे छातीशी. कारकून हसले. मग साहेब ओरडला, "अटेन्शन!" आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. टाचा जुळवून. हसणं आणखी वाढलं.

धुळ्याच्या कचेरीत पलटणीतल्या जखमी माणसांची पेन्शनसाठी तपासणी होती, तपासायला हा साहेब. मी साक्रीकडच्या खेड्यातून चालत गेलो होतो. समुद्रापार बसऱ्याकडच्या लढाईत आमच्या खंदकापाशी तोफगोळा फुटला. अंगावर ओरखडा नाही. पण तेव्हापासून नांगर धरला की तो कुठे वळवायचा ते आठवत नाही. बैलाला मेलेल्या सोबत्याच्या नावाने हाक मारतो. हे सगळं सांगायला गेलो होतो. कोणी विचारलंच नाही.

कारकुनाने कागद वाचून दाखवला. हुकूम लगेच पाळतो, डोकं शाबूत, सोंग करतो. पेन्शन नामंजूर. वर म्हणाला, "वेडा माणूस असा ताठ उभा राहतो होय रे?"

अरे, अटेन्शन हा शब्द तुम्हीच कवायतीत काठीने माझ्या हाडांत ठोकला. तो ऐकला की पाय मला विचारत नाहीत. तुमचीच शिकवण तुम्ही माझ्याविरुद्ध साक्षीला आणली. लाज नाही वाटली.

घरी बायकोला सांगितलं. ती चूल फुंकायची थांबली.

"मंग तुम्ही उठनात कसाले?"

उठलो कशाला? मी कुठे उठलो, पाय उठले. त्या दिवशी मला साहेबापेक्षा माझ्या पायांचा राग आला.

शाळेच्या मास्तरांकडून फेरतपासणीचा अर्ज लिहून घेतला. या खेपेला बायको सोबत आली, दाराशी उभी राहिली. तीच खोली, तोच साहेब. थाळी आपटली. मी पुन्हा टेबलाखाली.

"अटेन्शन!"

गुडघे उसळले. मी टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. घामाने हात सुटत होते. तो पुन्हा ओरडला. मी उठलो नाही. आयुष्यात मोडलेला पहिला हुकूम.

"देखो, नाटक करता है," साहेब म्हणाला.

बायको आत आली. पदर सावरून सरळ त्याच्याकडे बघत बोलली, "सायेब, ह्या सोताना घरनी वाट इसरी जातस. भाकर हातमा धरीसन बशी ऱ्हातस. ते नाटक कोणले दखाडाले करतस?"

कारकुनाने तिला गप्प बसवलं आणि कागद माझ्यापुढे धरला. सही कर. त्यावर तेच, सोंग. थाळीचा उल्लेखच नाही. उठलो तर शहाणा, नाही उठलो तर सोंगाड्या.

मी टेबलाखालूनच म्हणालो, "थाळी आपटली, हेही लिहा. मग सही करतो."

त्यांनी लिहिलं नाही. मी सही केली नाही.

मास्तरांनी तिसरा अर्ज लिहिला आहे. पहिली ओळ थाळीची आहे, मी सांगितलेली. मी पुन्हा जाईन. ते थाळी आपटतील, मी टेबलाखाली शिरेन. पण हुकमावर उठणार नाही. मला तपासायचं असेल तर साहेबाने खाली वाकावं.