जावेला दाखवून जमवलेली वर्गणी

माझ्या थोरल्या जावेला तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा पवनारच्या पुढच्या आमच्या खेड्यात त्या रोगाचं नाव कोणी मोठ्यानं घेत नव्हतं. गालाच्या आतली जखम बाहेर फुटली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला नेऊन शेक द्या, म्हणजे मशीनखालचं रेडिएशन. माझे भासरे, म्हणजे तिचे मालक, कापसाची वेचणी झाली की नेतो म्हणत राहिले.

अशात वर्ध्याच्या एका मंडळाच्या बाया जीपमधून आल्या. त्या कॅन्सरसाठी वर्गणी जमवत होत्या. कार्यक्रमात खरी रोगी समोर असली की लोकांचा हात सैल सुटतो, असं म्हणून त्यांनी जावेला कार्यक्रमाला पाठवा म्हटलं.

आमच्याकडे कोणाचं घर जळालं की त्याच्या नावानं वर्गणी होते आणि ती त्याच घरात जाते. त्यामुळे कोणी काही विचारलंच नाही. सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं.

लग्न झाल्यापासून जावेनं सासऱ्यांना तोंड दाखवलं नव्हतं. निघताना ती मला म्हणाली, "तू चाल वो माह्यासंगं. मले बोलता येत नाई, अन् तुले येते तं तू बोलत नाई. चांगली जोडी आहे." हसताना तिनं गाल हातानं धरला.

वर्ध्याच्या सभागृहात सासरे आणि भासरे पहिल्याच रांगेत बसले. आम्हा दोघींना वर खुर्च्या दिल्या. माइकवरची बाई बोलता बोलता वाकली आणि म्हणाली, "ताई, पदर जरा बाजूला घ्या. लोकांना दिसू द्या."

जाव हलली नाही. तेव्हा सासरेच खालून म्हणाले, "घे वो बाई. तुह्याच कामाचं आहे." आणि मान फिरवून भिंतीकडे पाहत बसले.

तिनं पदर काढला. समोरच्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला. मग डबा फिरला. चांगला भरला.

सारं आटोपल्यावर भासरे त्या बाईजवळ गेले. "मंग बाई, नागपूरले कवा न्यायचं हिले?"

बाई गोंधळली. मग समजावू लागली, हे पैसे मुंबईला जातील, तिथले मोठे डॉक्टर या रोगावर औषध शोधतात.

"अन् हिचा शेक?"

"ते आमच्याकडे नाही हो. हे पुढच्या लोकांसाठी आहे."

तिनं इतक्या प्रेमानं सांगितलं की भासऱ्यांनी तिला हात जोडले. मंडळाच्या बायांनी जावेची ओटी भरून एक साडी दिली.

एसटीत सासरे पुढच्याच बाकावर होते. मी जावेला हळूच म्हटलं, "पदर घ्या ना, बाई."

"आता काऊन? साऱ्या वर्ध्यानं पाह्यलं."

वेचणी संपली तोवर तिला पाणी गिळवत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी, फार उशीर केला, म्हणून परत पाठवलं. होळीच्या आधी ती गेली.

आता कोणी कोणी बरे होतात असं ऐकते. औषधं सापडत असतील. त्या बाया खोट्या नव्हत्या, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. जाव गेल्याचं ऐकून एकीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. डोळे पुसून तिनं विचारलं, "गावात दुसरं कोणी आहे का हो?"

आमच्या गल्लीतच एका बाईच्या गळ्याला गाठ होती. मी दारात उभी राहूनच नाही म्हटलं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं, ते तेवढं दिलं.